युअनच्या किल्टमधले दोन वार

१४ जून २०११, मंगळवार. सकाळी नैर्ऋत्येचा वारा, दुपारी पडला. दहाच्या सुमारास हेक्टर आला. दोन स्कोन खाल्ले, तिसरा खिशात घालून नेला. खेळांच्या मेळ्याचा यंदाचा मानकरी म्हणून समितीने फ्रँकला निवडले, एकमताने. फ्रँकने नाही म्हटले. लाल कोंबडी खुडूक बसली आहे.

ऊनाने पेनला टोपण लावले, मग पुन्हा काढले आणि ‘नाही म्हटले’ या शब्दांखाली एक रेघ ओढली. दिवसाचे जे असेल ते त्याच दिवशी लिहायचे, ही सवय तिला नन्सच्या शाळेत लागली होती. ज्याचा राग आला असेल त्याच्याबद्दल एक शब्दही जास्त लिहायचा नाही, ही शिस्तही तिथलीच. रेघ मात्र चालत असे.

उइस्ट बेटावरच्या मेळ्याच्या मानाच्या खुर्चीत आजवर जमीनदार बसले, डॉक्टर बसले, एक निवृत्त कर्नल तर तीनदा बसला आणि तिन्ही वेळा बक्षिसे वाटण्याआधी त्याला डुलकी लागली. पत्रे वाटणारा माणूस तिथे कधी बसला नव्हता. आणि बसायची वेळ आली तर फ्रँक क्विग्लीने नाही म्हणावे, हे ऊनाला अजिबात पटले नव्हते. तिला कारण माहीत होते, म्हणून तर आणखीच पटले नव्हते.

फ्रँक सहा वर्षांचा असताना ग्लासगोहून बोटीने आला. आईबाप नसलेली शहरातली मुले तेव्हा बेटांवरच्या घरांत वाढायला पाठवत. धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक मुलाच्या कोटाला नावाची चिठ्ठी टाचलेली होती. ऊनाचे वडील युअन मॅकमिलन यांनी फ्रँकची चिठ्ठी न वाचताच काढून खिशात घातली आणि विचारले, “मेंढरांची भीती वाटते का रे?”

“वाटते,” पोरगा म्हणाला.

“मलाही,” युअन म्हणाला, आणि त्याचा हात धरून चालू लागला.

त्या वर्षी ऊना चौदा वर्षांची होती आणि मुख्य भूमीवरच्या शाळेत राहत होती. सुट्टीत घरी आली तेव्हा तिला दिसले ते एक अतिशय नीटनेटके, अतिशय हट्टी पोर. न्याहारीला त्याच्यापुढे दुसरे अंडे ठेवले की तो ताटली परत सरकवायचा. “ते तुमचं आहे,” म्हणायचा. शहराकडून वर्षातून दोनदा कपड्यांचे पार्सल येई: करडी चड्डी, करडा स्वेटर, खिळ्यांचे बूट. तेवढेच तो घाली. ऊनाच्या आईने, मॅरियनने, त्याच्यासाठी निळा स्वेटर विणला, तर त्याने त्याची व्यवस्थित घडी करून तो तिच्याच खुर्चीवर ठेवला. त्याला कुणी काही बोलले नाही. मॅरियनने तो स्वेटर उसवला आणि त्या लोकरीचे त्याच्या अंथरुणावर पांघरूण विणून टाकले. पांघरूण कुणाचे, हे विचारायचे त्याला सुचले नाही.

तोच फ्रँक पुढे पोस्टात लागला. आला तेव्हा त्याला बेटाच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. आता एखाद्या जुन्या शब्दावरून वाद झाला तर लोक त्याच्याकडे निवाड्याला जात. चाळीस वर्षे त्याने दाराला दोरी बांधलेली गाडी वादळातून हाकली, पत्रांबरोबर औषधे पोचवली, विझलेल्या चुली पेटवून दिल्या. जिचा मुलगा कॅनडाहून लिहीतच नव्हता त्या म्हातारीच्या दारावरही तो रोज थाप मारी, चहा घेई आणि “आज टपाल कमी आहे” एवढेच म्हणे. लग्न केले नाही. ऊनाच्या शेताच्या पलीकडे त्याचे घर होते, आणि ऊनाचा नवरा गेल्यापासून संध्याकाळी तिच्या चिमणीतून धूर निघाला की नाही हे तो आपल्या खिडकीतून बघत असे. हे त्याने कधी सांगितले नव्हते आणि तिने कधी विचारले नव्हते.

नाही म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी हेक्टर आणि फ्रँक दोघेही तिच्या स्वयंपाकघरात होते. हेक्टर समितीचा चिटणीस, पन्नाशीचा, बोलण्यात आणि खाण्यात सारखाच उत्साही. मानकऱ्याने किल्ट, म्हणजे घराण्याच्या चौकड्याचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, घालायचा असा रिवाज होता, म्हणून त्याने टेबलावर भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानाचे रंगीत पुस्तक पसरले होते.

“हे बघ. काळं जाकीट, चांदीची बटणं, गळ्याशी लेस. मोजे, बूट, कमरेची थैली, सगळं एकत्र मिळतं. मेळ्याला घालायचं, दुसऱ्या दिवशी परत.”

“गळ्याशी लेस?” फ्रँक म्हणाला. “मला खिडकीत टांगणार आहात की काय?”

“लेस नको तर राहू दे. किल्ट बघ. हा निळा-करडा चौकडा कुठल्याच घराण्याचा नाही, म्हणजे कुणीही घालावा. लग्नाला येणारे परदेशी पाहुणे सगळे हाच घालतात.”

“तेच म्हणतोय मी. पाहुण्यांचा आहे.”

हेक्टरने ऊनाकडे पाहिले. “मावशी, तू तरी सांग याला. कापड कुठल्या घरचं म्हणून कोण विचारतंय आता? कायदा आहे का तसा?”

“कायदा नाही,” फ्रँक म्हणाला. “पण विचारतात. मला विचारलंय.”

तेही ऊनाला ठाऊक होते. विशीत असताना एका लग्नासाठी त्याने मित्राचा किल्ट मागून घातला होता. दारातच उत्तरेकडच्या गावचा एक आजोबा भेटला. “अरे, हा तर आमचा चौकडा. तू आमच्यातल्या कुणाचा रे?” त्याने कौतुकाने विचारले, बेटावर अनोळखी माणसाला पहिला प्रश्न हाच असतो. फ्रँक दारातूनच घरी गेला, पँट घालून परत आला आणि शेवटच्या नाचापर्यंत नाचला. त्यानंतर किल्ट नाही.

“मी पँटमध्ये चाललो तर?” त्याने आता विचारले.

“बॅगपाइपवाल्यांच्या पुढ्यात? मानकरी? पँटमध्ये?” प्रत्येक शब्दागणिक हेक्टरचा चेहरा उतरत गेला.

“मग कर्नललाच बोलवा. त्याला झोप तरी छान लागते.”

“बाबांचा किल्ट आहे माझ्या पेटीत,” ऊना म्हणाली.

फ्रँकने कप खाली ठेवला. “तुझ्या वडिलांचा आहे तो, ऊना.”

“त्यांना मुलगा नव्हता.”

“म्हणून मी त्यांचा होत नाही. त्यांनी मला भरपूर दिलं. त्यांचे रंग त्यांनी मला दिले नाहीत, आणि ते गेल्यावर मी ते घेणार नाही.” तो उठला, तिचा आणि हेक्टरचाही कप धुऊन ठेवला आणि गेला.

“आता?” हेक्टर म्हणाला.

“आता तू तुझं पुस्तक उचल. लोण्यात पडलंय.”

समितीला रविवारपर्यंत उत्तर हवे होते. ऊनाचा विचार साधा होता. किल्ट फ्रँकच्या मापाचा करून समोर ठेवावा. तयार झालेल्या वस्तूला नाही म्हणणे जास्त अवघड असते. बेटावरच्या नाचणाऱ्या मुलींचे किल्ट तिने वर्षानुवर्षे शिवले होते. युअन आडव्या अंगाचा, फ्रँक सडपातळ. सगळ्या निऱ्या उसवून पुन्हा घालाव्या लागणार होत्या.

तिने किल्ट खिडकीपाशी नेला. गर्द हिरवा आणि निळा, त्यात एक पिवळी आणि एक लाल रेघ. युअनने तो लग्नासाठी इन्व्हर्नेसच्या शिंप्याकडून शिवून घेतला होता, आठ वार कापडाचा. उन्हाने आणि वापराने हिरवा रंग शेवाळासारखा निवला होता. तिने पातळ ब्लेडने पहिली निरी उसवली आणि थांबली. दुसरी उसवली. शिंप्याच्या किल्टमध्ये निरीचे कापड आत वीतभर दुमडलेले असते. त्याच्यावरच तर गिरकी उठते. इथे जेमतेम चार बोटे होते. बाहेरून रेघेला रेघ बरोबर लागलेली, आणि आत काहीच नाही.

आणि टाका शिंप्याचा नव्हता. तो डावीकडे झुकला होता.

मॅरियन डावखुरी होती. ऊना शाळेतून सिस्टरचा सरळ टाका शिकून आली तेव्हा आई हसून म्हणाली होती, “माझा टाका वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. त्याचं त्याला बरं पडतं.”

ऊनाने सगळा किल्ट उसवला, जमिनीवर पसरला आणि वाराच्या पट्टीने मापला. सहा वार. एका टोकाला किनार कापलेली होती, अगदी रेघेवरून, कात्रीने. साखरेच्या कागदी पिशव्यासुद्धा इस्त्री करून ठेवणाऱ्या तिच्या आईने नवऱ्याच्या लग्नातल्या किल्टचे दोन वार कापून काढले होते.

ऊना खुर्चीवर बसली. तिच्या लहानपणी युअनसारखा नाचणारा बेटावर नव्हता. त्याने गिरकी घेतली की भिंतीशी बसलेल्या बायका चहाचे कप सावरून धरत. मग केव्हातरी त्याने नाचणे सोडले. दाराशी उभा राहून टाळ्या वाजवी. “काय युअन, किल्टला वारा लागत नाही का तुझ्या?” असे लोक चिडवत, आणि तो म्हणे, “मी जड झालो, तो पण जड झाला.” ऊनाला तेव्हापासून वाटत आले होते की बाबांचे गुडघे गेले.

कधीपासून? ती शाळेत असतानाच. फ्रँक आला त्याच्या पुढच्या वर्षापासून. त्या वसंतात फ्रँकचा चर्चमधला पहिला प्रसादविधी झाला होता. ती सुट्टीवर आली तेव्हा आईने सांगितले होते की फ्रँक किती देखणा दिसला, पार्सलातून किल्ट आला होता ना त्याच्यासाठी. शहरातून आलेल्या बाकीच्या सगळ्या मुलांनी त्या दिवशी करड्या चड्ड्याच घातल्या होत्या, हेही आईनेच सांगितले होते. ऊनाला त्यात काही वेगळे वाटले नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या वेण्यांपलीकडे फारसे काही वेगळे वाटत नाही.

तिने कापड पिशवीत भरले आणि शेत ओलांडून गेली. कोट घालायचा राहिला.

फ्रँक मागच्या दाराशी बांगडे साफ करत होता.

“तुझा तो लहानपणीचा किल्ट,” ती म्हणाली. “आहे का अजून?”

त्याने तिच्याकडे पाहिले, मग हात धुतले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. आतून तो एक खाकी कागदाची पुडी घेऊन आला. किल्ट एवढासा, पण रंग असे की कालच ठाणावरून उतरला असावा.

“पार्सलातला,” फ्रँक म्हणाला. “इतर पोरांना चड्ड्या, आणि मला एकट्याला हा. कधी बोललो नाही तुझ्याकडे. मला वाटायचं, तिकडे कुणीतरी आहे ज्याला माझं नाव ठाऊक आहे.”

ऊनाचा हात पिशवीवरच राहिला. पुडी परत बांधून त्याला देता आली असती. पण या माणसाने चाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकले नव्हते. त्याचे त्याला पोचवायला हवे होते.

“कमरेपाशी हात लाव,” ती म्हणाली. “आत. जाड लागतंय ना? जवळजवळ अर्धं कापड आत दुमडलंय. पोरगं वाढेल म्हणून. पार्सल पाठवणारे इतका विचार करत नसतात. आणि आता टाका बघ.”

फ्रँकने चष्मा लावला. पाकिटावरचे अक्षर पाहून पत्र कुणाचे हे सांगणारा तो माणूस. त्याने कापड उजेडाकडे धरले आणि एकेक टाका निरखला.

“डावा हात,” तो शेवटी म्हणाला.

ऊनाने युअनचे कापड आत, त्याच्या टेबलावर पसरले आणि कापलेली किनार त्या छोट्या किल्टच्या किनारीला लावली. पिवळीला पिवळी लागली, लालला लाल.

“मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“तू दुसरं अंडं घेत नव्हतास.”

त्याला हसू येणार होते, ते अर्ध्यात राहिले. “तुझ्या वडिलांचे गुडघे...”

“गुडघे धडधाकट होते. सहा वारात गिरकी बसत नाही, फ्रँक. हसू झालं असतं. म्हणून दाराशी उभे राहिले.”

“इतकी वर्षं?”

“मरेपर्यंत.”

बाहेर मांजराने एक बांगडा पळवला. दोघांनीही ते पाहिले आणि दोघांपैकी कुणीही उठले नाही.

“म्हणजे तिकडे कुणी नव्हतं,” फ्रँक म्हणाला.

“इकडे होतं.”

त्याने दोन्ही किनारींवरून बोट फिरवले, जोडावर आला आणि तिथे थांबला. “पुन्हा जोडता येईल?”

“येईल. जोड निरीच्या आत जाईल. दिसणार नाही.”

“दिसला तरी चालेल,” फ्रँक म्हणाला. “हेक्टरला सांग, मी येतोय.”

पुढचे कित्येक दिवस ऊनाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. मॅरियनने आत दुमडून ठेवलेले कापड ऊनाने मोकळे केले तर त्याची उंची युअनच्या कापडाइतकीच भरली. आईने उंचीला कात्री लावलीच नव्हती. ताजा तुकडा मागच्या बाजूला मधोमध बसवला, त्याच्या कडेवरचे मॅरियनचे डावे टाके मात्र तसेच ठेवून. निऱ्या मिटलेल्या असताना सगळे जुनेच दिसे.

हेक्टर नव्या उमेदीने आला. “मखमली जाकीट मिळतंय, मावशी. काळं. मानाचा प्रसंग आहे.”

“मखमल संध्याकाळी, दिवे लागल्यावर. दिवसा माळावर मखमल घालून फिरणारा माणूस एक तर हॉटेलात कामाला असतो, नाहीतर रस्ता चुकलेला असतो. त्याचं चर्चचं लोकरी जाकीट आहे, ते चालेल.”

“मग कमरेची थैली तरी फरची?”

“तीही रात्रीची. बाबांची साधी चामड्याची आहे.”

“आणि मोज्यात खोचायला चाकू? चांदीच्या मुठीचा एक आहे आमच्याकडे.”

“माझा आहे,” फ्रँक म्हणाला आणि खिशातून लाकडी मुठीचा आखूड चाकू काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षे त्याने याच चाकूने पार्सलांच्या दोऱ्या कापल्या होत्या. हेक्टरने तो उचलून बघितला आणि वाद घातला नाही.

मापाच्या दिवशी ऊनाने त्याला फरशीवर गुडघे टेकायला लावले. गुडघे टेकले की किनार जमिनीला नुसती शिवली पाहिजे. त्याहून लांब असेल तर माणूस बायकोचा परकर नेसल्यासारखा दिसतो.

“तुझ्यापुढे गुडघे टेकायची वेळ आली शेवटी,” फ्रँक म्हणाला.

“बोलू नकोस, किनार हलते. आणि पिन फक्त वरच्या पदराला लाव. दोन्ही टाचलेस तर खुर्चीत बसताना फाडशील, सगळ्या बेटासमोर.”

“ते झालं तर कर्नलपेक्षा जास्त लक्षात राहीन.”

मेळ्याच्या दिवशी पश्चिमेचा वारा होता आणि माळावर सगळे बेट जमले होते. हेक्टर ध्वनिक्षेपक हातात घेऊन घामाघूम झाला होता.

“फ्रँक, तुझं नाव कसं सांगू? निवृत्त पोस्टमन फ्रँक क्विग्ली, असं?”

“फ्रँक क्विग्ली,” तो म्हणाला. “युअन आणि मॅरियन मॅकमिलनच्या घरचा.”

हेक्टरने तसेच सांगितले, न अडखळता. मग म्हाताऱ्या माणसांच्या रांगेतून कुणीतरी “बरोबर” म्हणाले, इतक्या साधेपणाने की जणू हिशेब तपासून झाला. पाइप वाजू लागले. फ्रँक त्यांच्या पुढे चालू लागला.

तो पोस्टमनसारखाच चालत होता, लांब पावलांनी, वाऱ्यात खांदा घालून. आणि प्रत्येक पावलाला मागच्या निऱ्या उघडत होत्या, पूर्ण, आठ वारांच्या. आणि उघडल्या की त्या निवलेल्या हिरव्यातून मधोमध ताजा, झळझळीत हिरवा पट्टा दिसायचा, आणि मिटायचा, आणि पुन्हा दिसायचा. ऊनाने जोड लपवायला जीव ओतला होता. आता तो लपत नव्हता, आणि तिने मान जरा आणखी ताठ केली.

शेजारची किर्स्टी डोळ्यांवर हात धरून बघत होती. तिने तरुणपणी युअनला नाचताना पाहिले होते, आणि नंतर दाराशी उभे राहिलेलेही. “ऊना, हा युअनचाच ना गं?”

“हो.”

“मग आज कसा फिरतोय एवढा?”

“आज पुरा आहे,” ऊना म्हणाली.

“पण मागून दोन रंग दिसतात.”

“एकच ठाण आहे, किर्स्टी. नीट बघ.”

किर्स्टीने नीट बघितले. फ्रँक माळाला वळसा घालून त्यांच्या समोरून गेला तेव्हा त्याने मान वळवली नाही. मानकऱ्याने वळवायची नसते. फक्त चालता चालता म्हणाला, ऊनाला ऐकू जाईल एवढेच, “आईचा टाका धरलाय बरं का.”

साठ वर्षांत त्याने मॅरियनला ‘तुझी आई’ याखेरीज काही म्हटले नव्हते. ऊनाने हातरुमाल काढला, आणि वाऱ्यात वाळू फार आहे असे किर्स्टीला सांगितले.

दुपारभर त्याने बक्षिसे वाटली. ओंडका फेकणाऱ्यांना, धावणाऱ्यांना, नाचणाऱ्या मुलींना. प्रत्येकाला नावाने, घराच्या नावाने, आजोबांच्या नावाने. एकदाही कागदाकडे पाहिले नाही. डुलकीही लागली नाही. शेवटी मुलींनी त्याला हाताला धरून फळ्यांच्या मंचावर ओढले. पासष्ट वर्षांच्या माणसाने एकच गिरकी घेतली, जरा डगमगली, पण पूर्ण. खाली बसलेल्या बायकांनी आपापले चहाचे कप सावरले.

घरी येऊन ऊनाने किल्ट ब्रशने झटकला, निऱ्यांना कच्चा टाका घातला आणि पेटीत न ठेवता फ्रँकने न्यावा म्हणून दाराशी खुर्चीवर ठेवला. मग वही घेतली.

२० जुलै २०११, बुधवार. पश्चिमेचा वारा, पाऊस नाही. मेळा चांगला झाला. फ्रँक जेवायला आला होता. गॅसचा सिलिंडर बटाटे अर्धे शिजले असताना संपला. उरलेले किर्स्टीकडे उकडून आणले.